सफरचंदाला सोलापुरी चादर

मे महिन्यात थंडीला घाबरणारी माणसं जगात असतात, यावर मराठी माणसाचा विश्वास बसणं कठीण आहे. आपला मे घामाचा, वाळ्याच्या पाण्याचा आणि पंखा चार वर फिरवूनही न येणाऱ्या झोपेचा. जर्मनीत मात्र ११ ते १५ मे हे पाच दिवस पाच संतांच्या नावावर आहेत: मामेर्टुस, पांक्रात्सिउस, सेर्वाटिउस, बोनिफात्सिउस आणि शेवटी सोफी. या मंडळींची ख्याती भक्तांना तारण्याबद्दल नाही, बागा गारठवण्याबद्दल आहे. त्यांना तिथे बर्फाचे संत म्हणतात आणि सोफीबाईंना तर थेट थंड सोफी. संत यावेत म्हणून आपल्याकडे लोक वाटेवर रांगोळ्या घालतात, तिकडे संत गेले की लोक टोमॅटोची रोपं बाहेर लावतात. त्यातही एक घोळ आहे. हा समज जुन्या पंचांगाच्या काळातला. पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांगातून दहा दिवस काढून टाकले, पण थंडीला कोणी कळवलं नाही. संतांच्या तारखा जागच्या जागी राहिल्या आणि त्यांचं हवामान दहा दिवस पुढे गेलं. २०२३ साली अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्माँट, न्यूयॉर्क या भागांतल्या सफरचंदाच्या आणि द्राक्षाच्या बागा १८ मेच्या पहाटे गोठल्या, तेव्हा सोफीबाईंना येऊन जाऊन तीन दिवस झाले होते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली दंतकथा आणखी व्यवहारी आहे. त्या कथेतले सेंट डन्स्टन म्हणे बिअर गाळत आणि लोक सफरचंदाची सायडर पीत. तेव्हा त्यांनी सैतानाशी करार केला की, १९ मेच्या सुमारास तेवढा सफरचंदाचा बहर जाळून दे. स्पर्धकाचा कच्चा मालच गोठवण्याची ही कल्पना आजच्या कुठल्याही व्यवस्थापन-संस्थेत शिकवायला हरकत नाही.

तर अशा पहाटेच्या आदल्या रात्री न्यू जर्सी, मिशिगन किंवा टोरांटोच्या एखाद्या उपनगरात घरामागच्या अंगणात एक गृहस्थ दिसतो. रात्रीचे साडेदहा झालेले असतात. पायजम्यावर जाड जाकीट, कपाळावर बॅटरी, बगलेत घरातल्या तीन चादरी आणि दातांत कपडे वाळत घालायचे चिमटे. तो शिडीवर चढून फुललेल्या झाडाला पांघरूण घालत असतो. शेजारी खिडकीतून बघतात आणि पडदा हळूच ओढून घेतात. हे दृश्य हास्यास्पद आहे हे मी आधीच मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा माणूस वेडा नाही. तो दोन अंशांपुरता शहाणा आहे, आणि या बाबतीत त्याहून जास्त शहाणपणा कोणालाच उपलब्ध नाही.

दोन अंशांचा हिशोब असा. ऐन हिवाळ्यात झोपलेलं सफरचंदाचं झाड उणे वीस-पंचवीस अंशही निमूटपणे काढतं. कळीचं टोक रुपेरी दिसू लागलं तरी उणे नऊ अंशांच्या आसपास दहातली एखादीच कळी मरते. पण कळी जसजशी उमलते तसतशी तिची सहनशक्ती कमी होत जाते, आणि झाड पूर्ण फुललं की उणे २.२ अंश सेल्सिअसला अर्धा तास गेला तर साधारण दहा टक्के फुलं जातात, उणे ३.९ अंशांना नव्वद टक्के. ही वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठाच्या कोष्टकातली आकडेवारी आहे आणि फळबागवाले ती परीक्षेच्या वेळापत्रकासारखी भिंतीवर लावतात. आता यातली वजाबाकी करा. किरकोळ नुकसान आणि सर्वनाश यांच्यामधलं अंतर १.७ अंशांचं आहे. आणि नीट घातलेली चादर झाडाला साधारण एक ते तीन अंश देते. निसर्गाने सर्वनाशाची रुंदी नेमकी एका जुन्या चादरीएवढी ठेवली आहे, हा योगायोग असेल, पण शिडीवरच्या माणसाला तो संकेत वाटला तर त्याला दोष देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, रात्र उणे एकवर थांबली तर चादर वाया आणि उणे सहापर्यंत उतरली तरीही चादर वायाच, मग झोप का मोडायची? आक्षेप बरोबर आहे. अडचण एवढीच की रात्री साडेदहाला ही रात्र कोणत्या जातीची आहे ते कोणालाच माहीत नसतं. हवामान खातं दोन अंश सांगतं, पण ते दोन अंश जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत सुखाने टांगलेल्या थर्मामीटरचे असतात. तुमच्या अंगणाचा खोलगट कोपरा त्या पेटीत राहत नाही. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत येऊन कुंपणापाशी साचते, आणि माणसांनी सफरचंद नेमकं कुंपणापाशीच लावलेलं असतं, कारण मधल्या जागेत मुलांचा झोपाळा असतो. त्यातून उघड्या आभाळाखाली फुलं स्वतःची उष्णता थेट अवकाशात फेकत असतात, त्यामुळे पाकळी भोवतालच्या हवेपेक्षाही थोडी जास्तच गार होते. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, चांदणं टिपूर. ज्या रात्रीवर कवी भाळतात तीच रात्र बागवानाच्या मुळावर येते. ढगाळ, वाऱ्याची, कटकटीची रात्र असेल तर तो आत जाऊन घोरतो.

शिडीवरच्या माणसाची बाजू घेतली म्हणजे तो करतो ते सगळं बरोबर असतं असं नाही. बहुतेकदा तो चुकीच्या समजुतीपोटी बरोबर गोष्ट करत असतो, आणि समजूत चुकीची असली की गोष्टही हळूहळू बिघडते. त्याला वाटतं, झाडाला थंडी वाजते म्हणून पांघरूण. पण पांघरूण आपल्याला उबदार वाटतं ते आपलं अंग सदतीस अंशांवर जळत असतं म्हणून. झाडाला अंगची ऊब नसते. त्याला गुंडाळणं म्हणजे थंड माणसाला थंड चादरीत ठेवणं. उष्णता येते ती जमिनीतून. दिवसभर उन्हाने तापलेली माती रात्रभर ती परत देत असते आणि चादरीने ती अडवायची असते, भाताच्या पातेल्यावरच्या ताटलीने वाफ अडवावी तशी. ताटली भातात खुपसून चालत नाही. म्हणून चादर जमिनीपर्यंत आली पाहिजे आणि चहूबाजूंनी पसरली पाहिजे. पण अंगणोअंगणी काय दिसतं? फांद्यांभोवती चादर, खाली खोडाला सुतळीची गाठ. जमिनीची ऊब आत शिरायला वावच नाही. हे गाठोडं रात्रभर आतल्या फुलांना आदराने गोठवतं.

कोणती चादर, हा प्रश्न मराठी घरात सोपा नसतो. परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या बॅगेत निदान एक सोलापुरी चादर जाते. नियम नसला तरी प्रथा आहे. ती जाड, टिकाऊ, सर्वांत उबदार, म्हणून संकटसमयी पहिला हात तिच्याकडेच जातो. झाडाच्या बाबतीत हाच मोठेपणा तिला नडतो. रात्रभर दंव पिऊन ती इतकी जड होते की थंडीपासून वाचवलेली फुलं वजनाने झडतात. जुनं, विरलेलं, अंगावर घ्यायला कोणी तयार नसलेलं सुती बेडशीट हे त्यापेक्षा कैक पटींनी चांगलं. प्लॅस्टिकचा कागद मात्र फुलांना टेकू देऊ नये, टेकला तिथे थंडी सरळ आत उतरते. आणि सकाळी ऊन आलं की सगळं काढायचं असतं, नाही तर आतली फुलं वाफाळतात आणि मधमाश्या बाहेरून हात हलवत परत जातात.

जमिनीबाबतही एक अन्याय आहे, आणि तो मला खास आवडतो. ओली, उघडी, तुडवून घट्ट झालेली माती दिवसा सर्वांत जास्त ऊन साठवते आणि रात्री परत देते. गवत वाढवलं किंवा आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की ऊन मातीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्याने सगळी पुस्तकं वाचून आळं बांधलं, पालापाचोळा पसरला, मातीची मशागत केली, त्याच्या झाडाखाली रात्री उष्णतेची टंचाई, आणि शेजारी ज्याने चार वर्षांत फावडं उचललं नाही त्याच्या झाडाखाली फुकटची शेगडी. दंवाच्या रात्री निसर्ग आळशी माणसाच्या बाजूने असतो. अभ्यासू माणसाने निदान संध्याकाळच्या आत पालापाचोळा बाजूला ओढून आळं भिजवून ठेवावं, म्हणजे एका रात्रीपुरता तोही आळशी ठरेल.

चादरीवर भागत नाही तेव्हा माणूस विज्ञानाकडे वळतो आणि तिथे खरी करमणूक सुरू होते. पहिला उपाय धुराचा. आग पेटवावी, वर ओला पाला टाकावा, धुराचं छत धरावं, की उष्णता वर जाणार नाही. हा समज जगभर आहे. पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यातून आरपार जाते. अडतं ते सकाळचं ऊन. म्हणजे गारठलेली बाग तापायला आणखी उशीर. काम करते ती आग, धूर नव्हे. नाशिकच्या द्राक्षबागांत पारा एक आकडी झाला की शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, त्यातलं उपयोगी काय आणि नुसता खोकला काय, याची विभागणी हीच. दुसरा उपाय नाताळच्या दिव्यांच्या माळांचा. जुन्या पद्धतीचे जाडे बल्ब, प्रत्येकी सात वॉटचे, पंचवीसची माळ लावली की पावणेदोनशे वॉटची शेगडी चादरीखाली तयार होते, आणि हा उपाय खरोखर चालतो. फक्त गेल्या काही वर्षांत माणूस सुधारला आहे. त्याच्याकडे आता विजेची बचत करणाऱ्या एलईडीच्या माळा आहेत. त्या झाडावर चढवल्या की झाड अतिशय सुंदर दिसतं आणि लखलखाटात गोठतं.

तिसरा उपाय ऐकायला सर्वांत वेडगळ आणि तत्त्वाने सर्वांत पक्का आहे: झाड गोठू नये म्हणून त्यावर रात्रभर पाणी मारायचं. पाणी गोठताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं, ती फुलाला मिळते आणि बर्फाच्या आत फूल शून्याच्या आसपास सुखरूप राहतं. मोठ्या बागांत हे रीतसर करतात, आणि पहाटे काचेतल्या बहराचे फोटो निघतात. पण यात मधेच थांबायची सोय नाही. पाण्याची वाफ होताना गोठण्याच्या सात पटींहून जास्त उष्णता खर्च होते; त्यामुळे पहाटे तीनला "आता बास" म्हणून ज्याने नळ बंद केला, त्याने न भिजवलेल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त फुलं मारली. सुरुवात केली की बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे चांगलं ऊन चढेपर्यंत, पाणी चालू ठेवावं लागतं, आणि तोवर बर्फाच्या ओझ्याने फांदी मोडली तर ती गोष्ट वेगळी. घरामागच्या एकुलत्या झाडासाठी हा उपाय न केलेलाच बरा, पण ज्यांना काही सुरू केल्यावर सोडवत नाही अशा स्वभावाच्या लोकांना तो शोभतो. चौथा उपाय हेलिकॉप्टरचा. शांत रात्री जमिनीपासून दहा-पंधरा मीटर वरची हवा खालच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असते, ती पंख्याने खाली लोटायची. श्रीमंत द्राक्षमळेवाले हे करतातही. एका सफरचंदासाठी कोणी केल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

आता मुख्य आक्षेप. तो सांगलीहून व्हिडिओ कॉलवर येतो. सासूबाई म्हणतात, "अहो जावईबापू, तिकडे सफरचंद बाजारात मिळत नाही का?" मिळतं. बारमाही, चकचकीत आणि स्वस्त. बागवानाची रात्रीची झोप, विजेचं बिल आणि चादरींची धुलाई मोजली तर घरच्या एका सफरचंदाच्या किमतीत बाजारातलं पोतं येईल. या हिशोबाला उत्तर नाही, म्हणून बागवान ते देत नाही. पण हाच हिशोब लावायचा तर कढीपत्त्याच्या कुंडीचं काय? अमेरिकेतल्या मराठी, तमिळ, तेलुगू घरांत ती कुंडी दर ऑक्टोबरला दिवाणखान्यात येते, खिडकीत सर्वांत चांगली जागा पटकावते, तिच्यासाठी हीटरचं तोंड वळवलं जातं, आणि त्या बदल्यात वर्षभरात फोडणीला पुरतील एवढी मोजकी पानं मिळतात. तिथे कोणी सासूबाई किंमत काढत नाहीत. सफरचंदाचा गुन्हा एवढाच की ते कुंडीत मावत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गवाद्यांचा. जंगलातल्या झाडांना कोण चादरी घालतं? कोणीच नाही, आणि जंगलातल्या झाडाला दरवर्षी फळ धरलंच पाहिजे असा आग्रहही नसतो. त्याला शंभर वर्षांत एक पोरगं मोठं झालं तरी पुरतं. आपल्याला दर सप्टेंबरला हवं असतं. शिवाय झाडाला जुन्या जागेवरून उचलून आपण कुंपणाच्या खड्ड्यात आणलेलं आहे; त्याला अमुक एका थंडीच्या हिशोबाने फुलायची सवय आहे आणि तो हिशोबही आता बिघडतो आहे. इथेच तिसरा आक्षेप येतो, जो शहाण्यासारखा दिसतो: पृथ्वी तापतेय म्हणतात, मग दंव आपोआपच संपेल की. सफरचंदाच्या बहुतेक जाती हिवाळ्यात आठशे-हजार तासांची थंडी मोजतात आणि कोटा भरला की पहिल्या उबदार आठवड्याची वाट बघत बसतात. तो आठवडा जितका लवकर येतो तितकं झाड लवकर उठतं, आणि दंवाची पहाट मात्र आपल्या जागी शिल्लक असते. मिशिगनमध्ये २०१२ च्या मार्चमध्ये पारा २७ अंशांच्या आसपास गेला. लोक हाफ चड्डीत फिरले, झाडंही महिनाभर आधी फुलली. मग एप्रिल आला, त्याच्या नेहमीच्या थंडीसह, आणि राज्याचं सुमारे नव्वद टक्के सफरचंद त्या वर्षी गेलं. फ्रान्समध्ये २०२१ च्या मार्चअखेरीस असाच उकाडा झाला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या दंवाने द्राक्ष, जर्दाळू, सफरचंद सगळं एका झटक्यात कापलं. कृषिमंत्री झुलियाँ दनॉर्मांदी यांनी ती या शतकाच्या सुरुवातीची बहुधा सर्वांत मोठी शेतीआपत्ती असल्याचं सांगितलं. त्या रात्री मळ्यांमध्ये शेतकऱ्यांनी रांगेने मेणबत्त्यांचे डबे पेटवले होते. फोटो जगभर फिरले आणि आपल्याकडच्या कित्येकांनी ते दिवाळीच्या शुभेच्छांसाठी जपून ठेवले असतील.

थोडक्यात हवा तापली तर चादरींची गरज वाढते, कमी होत नाही. यावर खरा तोडगा फक्त खड्डा खणायच्या दिवशी असतो: उंचावरची जागा, उशिरा फुलणारी जात, जर्दाळूसारख्या उतावळ्या झाडाचा मोह टाळणं. पॅरिसजवळच्या मोंत्रय गावाने तर सतराव्या शतकापासून पीचसाठी भिंतीच बांधल्या, शेकडो किलोमीटर भरतील इतक्या. दिवसा ऊन खायच्या, रात्री झाडाला द्यायच्या, वरून गवताच्या चटया लोंबवायच्या. पण घर घेतानाच अंगणात झाड असतं तेव्हा जागा निवडायची वेळ निघून गेलेली असते. मग उरते ती चादर.

शेवटचा आक्षेप बागवानाच्या आतूनच येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. सफरचंदाच्या एकेका गुच्छात पाच-सहा फुलं असतात, आणि भरघोस पिकासाठी एकूण फुलांतली पाच ते दहा टक्के धरली तरी पुरतं. आंब्याचा मोहर पाहिलेल्या कोकणी माणसाला हे सांगायला नको. तिथे एका तुऱ्यात हजारोंनी फुलं येतात आणि शंभरातलं एकही आंबा होत नाही. झाडाने गळतीचा हिशोब आधीच धरलेला असतो. धरलेली फळं जूनमध्ये झाड स्वतःच गाळतं आणि तरीही जास्त राहिली तर बागवान कात्री घेऊन गुच्छात एकच फळ ठेवून बाकीची तोडतो, दोन फळांत वीतभर अंतर राहील असं बघत. म्हणजे ज्या फुलांसाठी तो मेमध्ये रात्रभर शिडीवर होता, त्यांचीच फळं जूनमध्ये बादलीत. विसंगती वाटते, पण नाही. गुच्छात मधलं फूल सर्वांत आधी उमलतं, त्याचं फळ सर्वांत मोठं होतं, आणि सर्वांत आधी उमलल्यामुळे दंवात सर्वांत आधी तेच मरतं. वरून पाकळ्या ताज्या दिसतात, ब्लेडने फूल कापलं की आतला गाभा काळा. दंवालाही विरळणीच करायची असते, पण ते चांगलं तेवढं काढून हलकं मागे ठेवतं. बागवानाला नेमकं उलट हवं असतं, आणि त्यासाठी त्याला आधी सगळी वाचवावी लागतात. सासूबाईंना मात्र त्या बादलीबद्दल काही सांगू नये, विशेषतः सोलापुरी चादर अजून दोरीवर वाळत असेल तर.